काउगेटच्या तळघरातील कीर्तन

नारदीय कीर्तन रीतसर उभे करायचे तर दीड ते दोन तास लागतात. स्कॉटलंडमधील एडिंबरा फ्रिंज या कलामहोत्सवात मला मिळालेला वेळ, श्रोते आत येऊन बसण्यापासून पुढच्या कलाकारासाठी खोली मोकळी करून देण्यापर्यंतचा सगळा धरून, एका तासाचा होता. नमन, पूर्वरंगातील तत्त्वनिरूपण, मध्यंतरातील नामगजर, उत्तररंगातील आख्यान आणि शेवटची आरती यांपैकी काय ठेवायचे, काय आटोपते घ्यायचे आणि काय सोडून द्यायचे, हे ठरवण्यात माझा सबंध हिवाळा गेला. परदेशातील महोत्सवात आपली कला सादर करण्याविषयी जे लिहिले जाते त्यात टाळ्या आणि कौतुक पुष्कळ असते. या निर्णयांविषयी मात्र फारसे कुणी लिहीत नाही, म्हणून हा अनुभव जरा तपशिलाने मांडते.

कीर्तनाचे धडे मी पुण्यात सदाशिव पेठेतील नारद मंदिरात घेतले आणि लग्नानंतर गेली अनेक वर्षे स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील कर्कॉडी या गावी राहते. इथे आल्यावरही गणेशोत्सवात किंवा एखाद्या घरच्या सत्यनारायणाच्या निमित्ताने कीर्तन होत असे, पण ते आपल्याच माणसांपुढे. फ्रिंज दरवर्षी ऑगस्टमध्ये भरते, आणि ऑगस्ट म्हणजे बहुतेक वर्षी श्रावण. चातुर्मासातील ज्या दिवसांत माझ्या गुरुभगिनी पुण्यात कुठल्या ना कुठल्या देवळात चिपळ्या घेऊन उभ्या असतात, त्याच दिवसांत फोर्थच्या खाडीपलीकडे, आगगाडीने तासाभराच्या आत पोहोचता येईल अशा शहरात एवढा मोठा कलामहोत्सव भरतो आणि आपण मात्र घरी बसून त्याच्या बातम्या वाचतो, हे मला खुपत होते.

या महोत्सवाची घडणच अशी आहे की कुणाच्या बोलावण्याची वाट पाहावी लागत नाही. १९४७ साली एडिंबरा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला तेव्हा आमंत्रण नसलेल्या आठ नाटक मंडळ्या आपापल्या हिमतीवर येऊन दाखल झाल्या आणि त्यांनी मिळेल त्या जागी प्रयोग केले. फ्रिंजचा उगम तो. पुढे १९५८ साली स्थापन झालेली फ्रिंज सोसायटी कलाकारांची नोंदणी करते, कार्यक्रमपत्रिका छापते, तिकिटांची व्यवस्था पाहते, पण कोणाला घ्यायचे आणि कोणाला नाही हे ती ठरवत नाही. जागा देणारा भेटला, नोंदणीचे शुल्क भरले, विम्याची कागदपत्रे पुरी केली की तुम्ही महोत्सवात आहात. माझ्याकडे इथल्या स्थायी वास्तव्याचा परवाना असल्यामुळे व्हिसाचा प्रश्न आला नाही. नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्यांनी मात्र इतर काम आणि कमाई यांवरील अटी सर्वांत आधी वाचून घ्याव्यात.

जागा मिळवणे हाच खरा अवघड टप्पा आहे. मोठ्या नाट्यगृहांत तिकीटविक्रीतील वाटा आणि त्याखेरीज किमान रकमेची हमी द्यावी लागते, आणि ती रक्कम माझ्यासारखीच्या आवाक्यातली नव्हती. दुसरी वाट म्हणजे फ्री फ्रिंज. १९९६ साली पीटर बकली हिल यांनी सुरू केलेल्या या पद्धतीत कलाकाराने जागेचे भाडे द्यायचे नाही, श्रोत्याने तिकीट काढायचे नाही, आणि कार्यक्रम संपल्यावर कलाकाराने दाराशी बादली घेऊन उभे राहायचे. ज्याला जे वाटेल ते त्याने टाकावे. आरतीचे तबक सभेतून फिरते ती रीत लहानपणापासून पाहिलेली असल्याने हा व्यवहार मला मुळीच परका वाटला नाही. फक्त अशा जागा बहुधा पबच्या मागच्या खोलीत किंवा तळघरात असतात. आम्हांला दुपारची वेळ मिळाली ती काउगेट भागातील एका पबच्या तळघरात.

मद्यालयात कीर्तन करावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर मला स्वतःच्या बळावर देता येईना. पुण्याला फोन केला. माझ्या गुरू, ज्यांना आम्ही सगळ्या ताई म्हणतो, त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "वर काय चालतं ते जाऊ दे. तू उभी राहशील ती जागा झाडून-पुसून घेता येईल ना? आणि तुझ्यासमोर बसलेला माणूस ऐकायला आलेला असेल ना?" दोन्हींना मी हो म्हटले. "मग अगं, गावोगावच्या बाजारात उभं राहून कीर्तनं केलीच ना आपल्या लोकांनी," असे म्हणून त्यांनी थेट आख्यान कोणते घेणार ते विचारले.

नोंदणीच्या अर्जात कार्यक्रमाचा विभाग निवडावा लागतो: विनोद, नाटक, संगीत, नृत्य आणि सर्कस, बोलीव शब्द (स्पोकन वर्ड), मुलांचे कार्यक्रम वगैरे. कीर्तनात गायन आहे, अभिनय आहे, विनोदही आहे. मी संगीत हा विभाग टाळला, कारण संगीत ऐकायला आलेला माणूस निरूपण सुरू झाले की पुढच्या गाण्याची वाट पाहू लागतो. नाटक म्हणावे तर श्रोता अंधारात बसून बघत राहतो. बोलीव शब्द या विभागात येणारा माणूस बोलणे ऐकायच्या तयारीने येतो, आणि त्याला मध्येच अभंग ऐकायला मिळाला तर ती त्याच्या वाट्याला आलेली जादाची गोष्ट ठरते. हा विचार पुढे बरोबर ठरला.

आख्यान जनाबाईंचे घेतले. संत नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी दासी म्हणून राहिलेली, दळण-कांडण करता करता ओव्या रचणारी जनी, तिच्यासोबत जात्याचा खुंटा धरणारा विठ्ठल, पदकाच्या चोरीचा आळ आणि सुळाचे झालेले पाणी ही कथा ऐकायला पूर्वज्ञानाची गरज लागत नाही. निरूपण इंग्रजीत आणि पदे मराठीत, एवढे पहिल्यापासून पक्के होते. मग एकेक पद तपासू लागले. आख्यानात साकी, दिंडी, ओवी, श्लोक, कटाव असे वृत्तांचे वैविध्य असते आणि जाणता श्रोता त्याची चव घेत असतो. पण साकी आणि दिंडी कथा पुढे नेतात. भाषा न कळणाऱ्यासमोर ती गायली तर कथा तेवढा वेळ थांबून राहते. म्हणून त्या सगळ्या मी बाजूला ठेवल्या. कटाव मात्र ठेवला, कारण जनीला सुळाकडे नेताना लोटलेल्या गर्दीचे वर्णन करणाऱ्या त्या भरधाव शब्दांची लय अर्थ न समजताही अंगावर येते. ओवी ठेवली, कारण ती जात्याच्या फेऱ्यावर बसते आणि हाताने जाते फिरवून दाखवले की पुरते. पूर्वरंग बारा मिनिटांवर आणला: जनाबाईंचाच एक अभंग, त्यातील एकच सिद्धान्त, आणि प्रमाणे म्हणून इतर संतांची वचने देण्याचा मोह पूर्ण टाळून थेट गजर. काही कार्यक्रमांत आधी गाऊन मग अर्थ सांगतात. मी अर्थ आधी सांगितला आणि मग गायले, म्हणजे सूर कानावर पडतो तेव्हा श्रोत्याचे मन कोड्यात अडकलेले नसते.

साथीदारांचा शोध हा घरापासून दूर राहणाऱ्या प्रत्येक कलाकाराच्या वाट्याला येणारा भाग. पेटीची साथ ग्लासगोतील एका मैत्रिणीने स्वीकारली. ती शाळेत शिकवते, आणि स्कॉटलंडच्या शाळा ऑगस्टच्या मध्यालाच सुरू होत असल्यामुळे आम्ही महोत्सवाचा पूर्वार्धच मागितला. तबलजी मिळाला तो एडिंबऱ्याच्या लीथ भागातील गुरुद्वारात. जुन्या चर्चच्या इमारतीत असलेल्या त्या गुरुद्वारात लहानपणापासून शबद-कीर्तनाला, म्हणजे शिखांच्या भजनगायनाला, वाजवणारा, इथेच जन्मलेला आणि स्कॉटिश वळणाचे इंग्रजी बोलणारा हा तरुण. केरवा ताल त्याच्या हातात मुरलेला होता, त्यामुळे भजनी ठेका आणि धुमाळी त्याने सहज उचलली. जुळवून घ्यावे लागले ते थांबण्याच्या बाबतीत. शबद गायला जातो तेव्हा रागी, म्हणजे तो गाणारे, बसलेले असतात आणि ओळ पुरी होईपर्यंत ठेका चालू राहतो. नारदीय कीर्तनकार उभा असतो आणि अभंगाच्या अर्ध्या चरणावरही गाणे तोडून बोलू लागतो. आम्ही खूण ठरवली: मी चिपळ्या डोक्याच्या वर नेल्या की जिथे असेल तिथून सम गाठायची आणि हात उचलायचा. त्याच्या बैठकखोलीत आम्ही केवळ या थांबण्याचा सराव कितीतरी संध्याकाळी केला. हळूहळू तो चिपळ्यांकडे न पाहता माझ्या श्वासावरून ओळखू लागला.

ती जागा प्रत्यक्ष पाहिली तेव्हा तिचे नियमही कळले. उघडी ज्योत चालणार नाही, म्हणजे समई नाही आणि आरतीही नाही. बॅटरीवरचे प्लास्टिकचे दिवे सुचवले गेले. ते मी नाकारले. देवापुढे ज्योतीचे सोंग ठेवण्यापेक्षा न पेटवलेली पितळी समई घासूनपुसून, फुले वाहून ठेवणे मला अधिक योग्य वाटले, आणि आरतीच्या जागी मागण्याचा अभंग भैरवीत घेऊन कीर्तन संपवायचे ठरले. जमिनीवर पूड सांडलेली चालणार नव्हती, तेव्हा मध्यंतरात सर्वांना बुक्का लावण्याची प्रथाही गेली. कमरेइतक्या उंचीचा मंच होता. तो न वापरता मी खालीच सतरंजी अंथरून उभी राहिले.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले, ती म्हणजे दिवे. तिथल्या व्यवस्थेप्रमाणे कार्यक्रम सुरू झाला की श्रोत्यांवरचे दिवे मालवत आणि कलाकारावर दोन झोत येत. त्या प्रकाशात मला समोर निव्वळ काळोख दिसत होता. देवळाच्या सभामंडपात कीर्तनकाराला प्रत्येक चेहरा दिसतो: कोण मान डोलावतो आहे, कुणाला झोप येते आहे, कुठल्या आजी पुढची ओळ आधीच पुटपुटत आहेत. निरूपण किती लांबवायचे आणि गजर कधी सोडायचा हे त्या चेहऱ्यांवरून ठरते. व्यवस्था पाहणाऱ्या स्वयंसेविकेला मी हे सांगितले तेव्हा तिला शंका होती, कारण उजेडात बसलेले प्रेक्षक बुजतात, असा तिचा अनुभव होता. तिचे म्हणणे खोटे नव्हते. पहिली काही मिनिटे लोक खरोखर बुजत. पण 'जय जय राम कृष्ण हरी' दोन वेळा म्हणून दाखवल्यावर एखादा जरी ओठ हलवू लागला, तर शेजारच्याला तो दिसे, आणि मग तोही हलवू लागे. अंधारात हे घडले नसते. आरती गेली, बुक्का गेला, साक्या-दिंड्या गेल्या तरी कीर्तन उरले. समोरच्यांचे चेहरे दिसेनासे झाले असते तर काहीच उरले नसते, हे मी आता खात्रीने सांगू शकते.

काउगेट हा जुन्या शहराचा खोलगट भाग आहे. त्याच्या डोक्यावरून साउथ ब्रिज जातो. १७८८ साली खुल्या झालेल्या या पुलाच्या कमानींखालची दगडी तळघरे आज ना उद्या कुठल्या तरी कार्यक्रमाला दिली जातात. पावसाळी दिवशी भिंतींना ओल सुटते, आणि ती ओल तबल्याच्या पुडीला, म्हणजे वरच्या चामड्याला, तत्काळ कळते. मी काळी चारमध्ये गाते. घरून लावून आणलेला तबला जिना उतरून खाली येईपर्यंत अर्ध्या सुराने उतरलेला असे, आणि आमच्या आधीचा कार्यक्रम संपल्यावर मिळणाऱ्या पाऊण घटकेत आसने, सतरंजी, समई, पेटी मांडून वर तबल्याच्या गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या विणीवर, सूर जुळवण्यासाठी हातोडी चालवत बसायला सवड नव्हती. तबलजीने त्यावर उपाय काढला. तो लोकरीच्या शालीत गुंडाळलेला तबला घेऊन बऱ्याच आधी येई, जिन्याखालच्या बोळात उकिडवा बसे, घरोघर ठोकून एकेक घर मिळवी, आणि शेवटच्या क्षणापर्यंत तबला शालीतच ठेवी.

श्रोते आपोआप येत नाहीत. हजारो कार्यक्रमांच्या त्या गर्दीत नवख्या नावाला शोधत कोणी येत नसते, म्हणून सकाळी रॉयल माइलवर उभे राहून पत्रके वाटावी लागतात. नऊवारी नेसून, खांद्यावर शेला घेऊन आणि हातात झांजा धरून मी सेंट जाइल्स कॅथीड्रलच्या खालच्या अंगाला उभी राहत असे. पत्रक नुसते पुढे केले तर लोक नजर चुकवतात. झांज वाजवत ओवीची एक ओळ म्हटली की पावले मंदावतात, आणि मग एका वाक्यात सांगता यायला हवे की हे आहे काय. "एका मोलकरणीच्या घरी देव दळायला येतो, त्याची गोष्ट, गाण्यांसह, तासाभरात," एवढे वाक्य अनेक दिवसांच्या घासाघिशीनंतर तयार झाले. समुद्रावरून चढणारे धुके, ज्याला इथे हार म्हणतात, एखाद्या सकाळी इतके दाट असे की समोरचा माणूस पत्रकाच्या अंतरावर आल्यावरच दिसे.

पहिल्या दिवशी मोजकी माणसे आली, नंतर वाढत गेली. कधी निम्म्याहून अधिक खुर्च्या भरत, कधी नाही. शेजारच्या खोलीत त्याच वेळी एक विनोदी कार्यक्रम चाले आणि मधली भिंत पातळ होती. जनी सुळासमोर उभी राहून विठ्ठलाला हाक मारते त्याच क्षणी पलीकडून मोठा हशा येई. तबलजीच्या लक्षात आले की हा हशा रोज जवळजवळ त्याच मिनिटाला येतो, कारण त्या कलाकाराचाही कार्यक्रम आमच्यासारखाच बांधलेला होता. मग आम्ही कटाव तिथवर ओढला. हशा यायच्या सुमारास तबला-झांजांचा कल्लोळ टिपेला पोहोचलेला असे, तो ओसरला की पलीकडेही शांतता झालेली असे, आणि जनीची हाक त्या शांततेत ठेवता येई. पुण्यातही शेजारच्या मंडळाच्या ध्वनिक्षेपकाशी असे जुळवून घ्यावे लागतेच, पण असा घड्याळाबरहुकूम मेळ मी पूर्वी कधी बसवला नव्हता.

एका दुपारी पहिल्या रांगेत पांढऱ्या केसांच्या एक बाई बसल्या होत्या. जात्यावरची ओवी सुरू झाली तशी त्यांनी तळहाताने मांडीवर ठेका धरला आणि पालुपद दुसऱ्यांदा आले तेव्हा शब्द माहीत नसताना सूर अचूक उचलला. कीर्तनानंतर त्या थांबल्या. त्या स्कॉटलंडच्या वायव्येकडील लुइस बेटावरच्या. त्यांच्या आजीच्या पिढीतील बायका हातमागावर विणलेले लोकरीचे ओले कापड फळीभोवती बसून आपटत आणि घट्ट करीत, आणि ते करताना एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी पालुपद धरायचे. तशा एका गेलिक गाण्याचे पालुपद त्यांनी माझ्या सतरंजीवर बसून, समोरच्या खुर्चीची बैठक आपटत म्हणून दाखवले. तबलजीने शालीतला तबला पुन्हा बाहेर काढला. पुढच्या कार्यक्रमाची माणसे सामान घेऊन दाराशी आली होती, ती काही न बोलता तिथेच ऐकत राहिली. त्या बाईंनी आणखी एक सांगितले: त्यांच्या गावच्या चर्चमध्ये वाद्याशिवाय गेलिक स्तोत्रे म्हणतात, एकजण ओळ सोडतो आणि सगळी सभा ती उचलून नेते, त्यामुळे मी थांबून हात पुढे केला तेव्हा आता आपण म्हणायचे आहे, हे त्यांना कुणी सांगावे लागले नाही.

गोकुळाष्टमी आमच्या शेवटच्या कीर्तनाच्या दिवशीच आली. एडिंबरा आणि ग्लासगोतील मराठी कुटुंबे त्या दिवशी मुलाबाळांसह आली, खोली भरली, आणि गजर असा उठला की वरच्या मजल्यावरून चौकशी झाली. आपली माणसे समोर असताना निरूपण मराठीत घेण्याची ओढ अनावर होते. मी ते इंग्रजीतच ठेवले, कारण मागच्या दोन रांगांत रस्त्यावरून पत्रक घेऊन आलेले लोक होते आणि त्यांच्यासाठी आपल्या लोकांनी थोडे थांबणे मला रास्त वाटले. आपल्या मंडळींनी ते फार सुंदर निभावले. शेजारी बसलेल्या परक्या माणसाकडे वळून ते गजराचे शब्द सावकाश म्हणून दाखवत होते. बाहेरचे खाद्यपदार्थ आत चालत नसल्याने सुंठवडा आम्ही काउगेटच्या फुटपाथवर वाटला. डब्यावर साखर, सुंठ, खोबरे, खसखस अशी सामग्री लिहून चिकटवली होती, कारण इथे ते विचारल्याशिवाय कोणी काही तोंडात घालत नाही.

बादलीत जमलेल्या रकमेतून नोंदणीचे शुल्क, पत्रकांची छपाई आणि साथीदारांचा प्रवासखर्च भागला. माझे गाडीभाडे माझ्या खिशातून गेले आणि त्याबद्दल काही तक्रार नाही. ताईंना ध्वनिमुद्रण पाठवले तेव्हा त्यांनी पूर्वरंग अजून दोन मिनिटांनी वाढवायला सांगितले, कारण सिद्धान्त पुरता रुजण्याआधीच मी गजराकडे वळते, असे त्यांचे मत पडले. ती दोन मिनिटे कटावातून काढता येतील. पुढच्या वर्षासाठी सेना महाराजांचे आख्यान ठरले आहे, तबलजी होय म्हणाला आहे, आणि या वेळी अर्जात आम्ही शेजारी विनोदी कार्यक्रम नसलेली खोली मागितली आहे.